ड्रोनने आग विझते का? वाचकांचे प्रश्न आणि उत्तरं

आगीत ड्रोनचा काय उपयोग यावर यावेळी बरेच प्रश्न आलेत, त्यातले काही निवडून घेतले.

प्रश्न : उंच बिल्डिंगवर ड्रोन पाणी मारतोय असे व्हिडिओ सारखे दिसतात. मग फायर ब्रिगेडवाले अजून शिड्या का लावतात?

कारण पाणी जड असतं हो, एक लिटर म्हणजे एक किलो, आणि आगीला ते भरपूर लागतं. साधा हातातला होज मिनिटाला चारशे-साडेचारशे लिटर सहज फेकतो. आता चीनच्या ईहँग कंपनीने 2020 मध्ये खास उंच इमारतींसाठी 216एफ नावाचा ड्रोन दाखवला, चांगला मोठा आहे, 150 लिटर फोम आणि वर सहा अग्निशामक बॉम्ब उचलतो. ऐकायला खूप वाटतं पण तेवढंच पाणी त्या साध्या होजमधून 20 सेकंदात संपेल. एका खोलीत आग नुकतीच लागलीय आणि खिडकी सापडली तर तेवढ्याने फरक पडू शकतो, पूर्ण मजला पेटला असेल तर नाही.

मग कोणी म्हणेल खालून पाइपच जोडून द्या ना ड्रोनला. तसे ड्रोन आहेतही. पण 45 मिलिमीटरचा होज 100 मीटर वर नेला तर नुसत्या आतल्या पाण्याचंच वजन 160 किलोच्या आसपास जातं, पाइपचं वेगळं, शिवाय नोझलमधून पाणी जोरात सुटलं की ड्रोन मागे ढकलला जातो तो धक्का वेगळा, आणि जिथे आग तिथे गरम हवेचे झोत असतातच. म्हणून माझं मत स्पष्ट आहे, सध्या तरी ड्रोनचं खरं काम बघण्याचं आहे, विझवण्याचं नाही. आणि बघण्याचं काम कमी समजू नका.

प्रश्न : बघून असा काय मोठा फायदा होतो? आग तर खालूनही दिसतेच की.

खालून ज्वाळा दिसतात, आग कुठे चाललीय ते दिसत नाही. 15 एप्रिल 2019 ला पॅरिसचं नोत्र दाम चर्च पेटलं तेव्हा छपराचा सगळा सांगाडा लाकडी, आणि मोठी भीती ही की आग पुढच्या घंटांच्या मनोऱ्यांत शिरली तर मनोरे कोसळतील आणि त्यांच्याबरोबर बाकीचं बांधकामही जाईल. तिथल्या अग्निशमन दलाने ड्रोन वर पाठवले, आग कोणत्या बाजूला सरकतेय ते बघितलं आणि त्याप्रमाणे होज कुठून मारायचे ते ठरवलं. आत जिथे माणसं ठेवणं धोक्याचं होतं तिथे कोलोसस नावाचा रोबो पाणी मारत होता. मनोरे वाचले. अर्थात ते वाचवले आत जीव धोक्यात घालून गेलेल्या जवानांनी, ड्रोनने त्यांच्या साहेबांना वरचं चित्र दिलं, पण ते चित्र त्या वेळी फार मोलाचं होतं.

वणव्यात तर हे आणखीच महत्त्वाचं, कारण वारा फिरला की आगीचं तोंड फिरतं, आणि उडालेले निखारे जाळरेषेच्या (आग अडवायला मोकळी केलेली पट्टी) पलीकडे पडून माणसांच्या पाठीमागे नवीन आग लागते. ती वेळेत दिसली नाही तर टीम मधोमध अडकते. मला वाटतं ड्रोनवर खर्च केलेला सगळा पैसा या एका गोष्टीसाठी वसूल आहे.

प्रश्न : थर्मल कॅमेरा धुरातून आणि भिंतीतूनही बघतो म्हणे, खरंय?

धुरातून बऱ्यापैकी, भिंतीतून अजिबात नाही. धुराचे कण बहुतेक एक मायक्रॉनपेक्षा (मिलिमीटरचा हजारावा भाग) लहान असतात, आपल्याला दिसणारा प्रकाश त्यांच्यावर आपटून विखुरतो म्हणून समोर नुसतं करडं दिसतं. थर्मल कॅमेरा साधारण 8 ते 14 मायक्रॉनच्या उष्णतेच्या लहरी पकडतो, त्या लांब असल्याने बारीक कणांमधून निघून येतात. पण काच त्यांना अडवते, त्यामुळे बंद खिडकीबाहेरून बघितलं तर काचेचंच तापमान दिसतं, आत माणूस आहे की नाही ते कळत नाही. चकचकीत पत्रा भलतीच उष्णता परावर्तित करतो. दाट वाफ किंवा घनदाट झाडी असेल तरी चित्र अर्धवटच. म्हणून स्क्रीनवर कोणी दिसलं नाही यावरून आत कोणी नाही असं कधीच धरू नये.

प्रश्न : माझ्याकडे चांगला कॅमेरा ड्रोन आहे. जवळपास वणवा लागला तर उडवून मदत करू का?

नाही. बोलावल्याशिवाय अजिबात नाही, कितीही चांगल्या मनाने असलं तरी. 9 जानेवारी 2025 ला लॉस एंजेलिसच्या पॅलिसेड्स भागातल्या आगीवर पाणी टाकणाऱ्या सीएल-415 विमानावर एका खासगी माणसाचा छोटा ड्रोन आदळला. ते विमान तलाव किंवा समुद्रावरून घसरत जाऊन एका फेरीत सुमारे 6,000 लिटर पाणी उचलतं. डाव्या पंखाला भोक पडलं आणि सगळीकडे घरं जळत असताना ते विमान काही दिवस जमिनीवर बसून राहिलं. त्या माणसाला फक्त नुकसान किती झालंय ते बघायचं होतं, ड्रोन अडीच किलोमीटर लांब गेला, नजरेआड झाला, पुढे कोर्टात त्याने गुन्हा कबूल केला. आणि धडक झालीच पाहिजे असंही नाही, अनोळखी ड्रोन नुसता दिसला तरी पाण्याची विमानं आणि हेलिकॉप्टर थांबवावी लागतात, कारण ती अगदी खालून उडतात आणि धुरात पायलटला एवढीशी वस्तू दिसत नाही.

खरंच मदत करायची असेल तर आग नसताना आपल्या भागातल्या अग्निशमन दलाशी बोला, लायसन्स, ट्रेनिंग काय लागतं ते विचारा.

प्रश्न : काही देशांत ड्रोनमधून आगीचे गोळे टाकतात असं ऐकलं. हे उलटंच नाही का?

उलटं वाटतं पण बरोबर आहे. पिंगपाँग बॉलएवढे प्लास्टिकचे गोळे असतात, आत पोटॅशियम परमँगनेटची पूड. ड्रोन टाकण्याच्या क्षणी सुईने त्यात ग्लायकॉल नावाचं द्रव रसायन सोडतो आणि साधारण अर्ध्या मिनिटात, म्हणजे जमिनीवर पोचल्यावर, गोळा पेटतो. याने वणव्याच्या वाटेतलं वाळलं गवत आणि पाचोळा आधीच ठरवून जाळतात, मोठी आग तिथे पोचेपर्यंत खायला काही उरत नाही. हे काम आधी हेलिकॉप्टरमधून किंवा पायी हातात पेटती मशाल घेऊन करायचे, दोन्हीत माणसाच्या जिवाला धोका.

प्रश्न : आग विझल्यावर ड्रोनचं काम संपतं का?

उलट तेव्हा शांतपणे करायचं काम सुरू होतं. झाडांच्या मुळांत, ओंडक्यांखाली निखारे दिवसेंदिवस धुमसतात. थर्मल कॅमेरा लावलेला ड्रोन पहाटे उडवायचा, कारण ऊन चढलं की दगडही तापतात आणि स्क्रीनवर सगळंच लाल दिसायला लागतं. बॅटरी अर्धा-पाऊण तास टिकते, त्यामुळे जादा बॅटऱ्या चार्ज करून बरोबर ठेवा आणि आधी जळालेल्या भागाची कड फिरून घ्या, मधला भाग नंतर, कारण नवीन आग कडेवरूनच बाहेर पडते. सापडलेल्या जागेचं लोकेशन खालच्या टीमला द्यायचं, त्यांनी खणून पाणी मारायचं, आणि दुसऱ्या दिवशी पहाटे तीच जागा परत तपासायची.