कोर्टातल्या भेटीआधी माझी चार वर्षांची मुलगी रडते, तिला कसं सावरू?

ताई, खानापूरहून बेळगावला कोर्टात बाबांना भेटायला न्यायचं म्हटलं की मुलीचं पोट दुखतं आणि परतल्यावर रात्री ती अंथरूण ओलं करते, असं तुम्ही लिहिलंय. माझ्या भाच्याला अशा देखरेखीतल्या भेटींना मीच नेत असे, म्हणून लिहिते.

आदल्या रात्री तिला खरं काय ते सांगा. 'बाजाराला जाऊया' म्हणून नेलंत, तर पुढे खरंच बाजाराला निघालात तरी ती रडेल. कोण भेटणार, खोलीत आणखी कोण बसणार, तुम्ही कुठे थांबणार, एवढं पुरे. आपल्या भागात भाषेचंही आहेच. घरात मराठी, तिथे सगळं बोलणं कन्नडमध्ये. न कळणाऱ्या चढ्या आवाजानं मूल घाबरतं. तिथे देखरेखीला बसणाऱ्या बाईंना मुलीशी दोन शब्द मराठीत बोलायला सांगा. आमच्या भाच्याला तेवढ्यानंच धीर आला होता.

आणि एक वाक्य तुमच्याच तोंडून तिला ऐकू द्या: 'बाबांबरोबर खेळलीस, हसलीस तर मला आवडेल.' हे म्हणणं जड जातं, मी माझ्या बहिणीला पाहिलंय. पण आपण तिकडे हसलो तर आई रागावेल, ही भीती मुलं कुणाला सांगत नाहीत. परतीच्या बसमध्ये 'बाबा काय म्हणाले, आजी आली होती का' असं खोदून विचारू नका. आपणहून बोलली तर ऐका.

अंथरूण ओलं झालं तर न रागावता बदला. एकदा बालरोगतज्ज्ञांनाही दाखवा, लघवीचा संसर्गही असू शकतो.

भेटी मात्र स्वतःहून बंद करू नका. आई-वडील दोघांचं प्रेम मिळणं हा मुलाचा हक्क आहे, असं सर्वोच्च न्यायालयानं 2020 मध्ये म्हटलंय. वेळ किंवा जागा सोसत नसेल तर वकिलांमार्फत अर्ज करा, फॅमिली कोर्टातल्या समुपदेशकांशी बोला. पण कुणी मारलं, नको तिथे हात लावला असं ती म्हणाली, तर त्याच दिवशी डॉक्टर, वकील आणि 1098 ही मुलांसाठीची हेल्पलाइन गाठा.

तिच्या बाबांना वकिलांकरवी एवढं कळवा: दरवेळी नवं खेळणं नको, तेच रंग आणि तीच वही आणा. निघायची वेळ झाली की घड्याळ दाखवू नका, 'आता शेवटचं एक चित्र' म्हणा.