फुकट केबिनचा हिशेब

दांडिया बाजार, वडोदरा

चिरंजीवास अनेक उत्तम आशीर्वाद.

तू पाठवलेला क्रूझ कंपनीचा मेल दोनदा वाचला. सिंगापूरहून चार रात्रींची जहाजाची सफर, दोघांसाठी आतली केबिन, भाडं शून्य आणि वर कॅसिनोत खेळायला शंभर डॉलरचं 'फ्री प्ले'. आईला समुद्र दाखवायचं तुझ्या मनात आहे, आणि ऑफिसातले मित्र म्हणताहेत, 'मफत छे, तो शुं वांधो?' वांधा आहे की नाही ते कागदावर मांडल्याशिवाय कळत नाही, म्हणून हे सविस्तर लिहितोय.

आधी 'शून्य' कशाला म्हटलंय ते बघ. शून्य आहे ते फक्त केबिनचं भाडं. त्याच मेलच्या तळाशी बारीक अक्षरात लिहिलंय की कर, बंदराचे आकार आणि टिप वेगळी. मोठ्या अमेरिकन कंपन्या साध्या केबिनला माणशी रोज साधारण १६ ते २० डॉलर टिप लावतात, आणि ती खोलीच्या खात्यात रोज आपोआप चढते. १८ धरले तर दोघांचे चार रात्रींचे १४४ डॉलर. कर आणि बंदराचे आकार सफरीगणिक बदलतात. ते बुकिंगच्या शेवटच्या पानावरच दिसतात, तेव्हा पैसे भरायच्या आधी त्या पानापर्यंत जाऊन आकडा उतरवून घे. माणशी १०० डॉलर निघाले असं समज. डॉलर ९० रुपयांना धरला तर 'फुकट' सफरीचे ३१ हजारांच्या आसपास एक डावही न खेळता झाले. त्यावर अहमदाबादहून सिंगापूरचं दोघांचं विमान, आदल्या रात्रीचं हॉटेल, वायफाय, बंदरावरच्या सहली. आदल्या रात्रीचं हॉटेल वाचवू नकोस. विमानाला उशीर झाला तर जहाज थांबत नाही, आणि फुकट भाड्याच्या सफरीवर विमा उतरवलास तरी भरपाई तू खरंच भरलेल्या रकमेचीच मिळते, केबिनच्या छापील किमतीची नाही.

आता अटी. सवलत तुझ्या नावावर आहे, त्यामुळे तू स्वतः त्या जहाजावर असलंच पाहिजे. आई आणि मावशीला तुझ्या जागी पाठवता येणार नाही. तिसरं माणूस त्याच केबिनमध्ये आलं तर त्याचं भाडं वेगळं. दिवाळी, नाताळ, शाळांच्या सुट्ट्या अशा तारखा बहुधा वगळलेल्या असतात, आणि नोकरदाराला सोयीच्या नेमक्या त्याच. आतल्या केबिनला खिडकी नसते. आईला समुद्र दाखवायचा तर बाल्कनीची केबिन हवी, आणि वरच्या केबिनच्या फरकाची रक्कम कधीकधी ती सफर साधेपणाने विकत घेण्याच्या जवळ जाते. म्हणून त्याच तारखेचं, त्याच जहाजाचं, लॉगिन न करता दिसणारं भाडं बाजूला लिहून ठेव. रद्द करायची मुदतही पाहून घे. मुदतीनंतर रद्द केलंस तर दंड लागतो, आणि काही योजनांत न आल्याबद्दल केबिनचं पूर्ण भाडंच वसूल करतात. आशियातल्या काही जहाजांवर वेगळीच पद्धत आहे: तिथे न वटणाऱ्या चिप्स, म्हणजे ज्या परत देऊन रोख मिळत नाही अशा सोंगट्या, घेऊन ठरावीक रकमेची उलाढाल करावी लागते, ती झाली नाही तर केबिनचे पैसे बिलात येतात. तुझ्या मेलमध्ये 'मिनिमम प्ले' किंवा 'रोलिंग' असा शब्द कुठे आहे का, ते शोध.

शंभर डॉलरचं 'फ्री प्ले' म्हणजे शंभर डॉलर नव्हेत. ते जुगाराच्या मशीनमध्ये एकदा फिरवावेच लागतात, काढून घेता येत नाहीत. हाती लागतं ते त्यातून जिंकलेलं तेवढंच. 'ऑनबोर्ड क्रेडिट', म्हणजे जहाजावरच खर्चायला खात्यात जमा केलेली रक्कम, ही आणखी वेगळी गोष्ट. ते चहा-कॉफी, सहली यांवर खर्च होतं आणि सफर संपताना उरलेलं बहुतेक वेळा बुडतं.

पण हे सगळे किरकोळ खर्च झाले. मुख्य गोष्ट ही की कंपनीने तुलाच का बोलावलं. गेल्या वेळी मशीनवर बसलास तेव्हा खोलीचं कार्ड खाचेत घातलं होतंस ना? स्प्रिंगसारखी गुंडाळी असलेल्या दोरीने ते शर्टाला अडकवलेलं असतं, आणि खाचेच्या बाजूच्या छोट्या पट्टीवर आकडा सरकत राहतो. तो आकडा तू किती हरलास हे मोजत नाही, किती फिरवलंस ते मोजतो. दर डावाची रक्कम, तासाला किती डाव, किती तास बसलास आणि त्या खेळात घराचा, म्हणजे कॅसिनोचा, वाटा किती टक्के, या चारांचा गुणाकार म्हणजे तुझ्याकडून अपेक्षित उत्पन्न. तू त्या रात्री जिंकून उठलास तरी हा आकडा बदलत नाही. त्याचा काही हिस्सा, साधारण चौथा ते तिसरा, केबिन, जेवण, पेयं अशा रूपात परत देतात. म्हणजे तुझी 'फुकट' केबिन ही तुझ्याच अपेक्षित तोट्यातून दिलेली वळती आहे. हे एकदा नीट समजलं की मेल वाचायची नजरच बदलते.

हिशेब करून बघ. एका डॉलरचा डाव, तासाला ५०० वेळा बटण. हा वेग सहज गाठला जातो, कारण मशीन थांबू देत नाही. म्हणजे तासाला ५०० डॉलर फिरले. नेवाडा राज्यात मशिनांचा वाटा सरकार नियमित छापतं, तो सरासरी ७-८ टक्क्यांच्या घरात असतो. भर समुद्रातल्या जहाजावर असा छापील आकडा तुझ्यासमोर नसतो, म्हणून ८ टक्के धर. तासाला ४० डॉलरचा अपेक्षित तोटा. कॅसिनो बंदरात बंद असतो, जहाज खुल्या समुद्रात गेल्यावरच उघडतो, तरी चार रात्रींत नऊ तास सहज होतात: ३६० डॉलर, म्हणजे ३२ हजार रुपये. तेच नऊ तास पाच डॉलरच्या रुलेटवर बसलास, तासाला चाळीस फेऱ्या धरल्या, तर एका शून्याच्या चाकावर (२.७ टक्के) साधारण ४९ डॉलर आणि दोन शून्यांच्या चाकावर (५.२६ टक्के) ९५. पैसे लावण्याआधी चाकावर शून्यं किती आहेत ते मोज. काही चाकांवर आता तीन असतात, तिथे वाटा ७.६९ होतो. ब्लॅकजॅक हा पत्त्यांत २१ करण्याचा खेळ; त्याच्या टेबलावरच्या कापडावर '६ ला ५' छापलं असेल तर दहा डॉलर लावून पहिल्या दोन पत्त्यांतच २१ झाले तरी १५ ऐवजी १२ मिळतात. एवढ्या एका बदलाने घराचा वाटा सुमारे १.४ टक्क्यांनी वाढतो. बाकारा या पत्त्यांच्या खेळात 'बँकर'च्या बाजूने लावलेल्या पैशांवर हा वाटा १.०६ टक्के, 'टाय'वर, म्हणजे बरोबरीवर, मात्र १४.३६.

आणि आता ती जागा, जिथे सावध माणूसही घसरतो. पुढची सवलत या वेळच्या खेळावर ठरते. कमी खेळलास तर पुढचा मेल एक तर येत नाही, नाहीतर 'अर्धं भाडं' असा येतो. मग माणूस मजेसाठी नाही, सवलत टिकवण्यासाठी खेळायला लागतो. रॉयल कॅरिबियन या क्रूझ कंपनीच्या क्लब रॉयाल या कॅसिनो-सदस्य योजनेचं उदाहरण घे: मशीनवर दर ५ डॉलरच्या उलाढालीला एक पॉइंट, आणि 'प्राइम' या पायरीला २,५०० पॉइंट लागतात. म्हणजे १२,५०० डॉलरची उलाढाल, ८ टक्क्यांनी १,००० डॉलरचा अपेक्षित तोटा. लोक म्हणतात, 'माझे तर दोनशेच डॉलर होते, तेच फिरत होते.' बरोबर, पण दोनशे डॉलर ८ टक्क्यांच्या मशीनवर सरासरी २,५०० डॉलर फिरून संपतात. तशी पाच पाकिटं संपली की एक पायरी. शेवटच्या रात्री पट्टीवर '४०० पॉइंट बाकी' दिसतं आणि हात उठत नाही, कारण पॉइंट डोळ्यांसमोर असतात आणि तोटा पाच दिवसांत विखुरलेला असतो. मला खरी भीती याची वाटते, टिपेची नाही.

पैसा कुठून काढतोस तेही महत्त्वाचं. कॅसिनोत कार्ड दाखवून खोलीच्या खात्यावर रोख घेतली तर बऱ्याच जहाजांवर काही टक्के शुल्क लागतं. त्यावर भारतीय बँकेचं परकीय चलनाचं मार्कअप (जादा आकार), सामान्य कार्डांवर ३.५ टक्क्यांपर्यंत, आणि त्या मार्कअपवर जीएसटी. कायद्याची बाजूही हलकी घेऊ नकोस. परकीय चलनाच्या २००० सालच्या चालू खात्याच्या नियमांत लॉटरीची तिकिटं, फुटबॉल पूल, स्वीपस्टेक वगैरेंसाठी पैसे पाठवायला मनाई आहे, आणि अनेक बँकांची कार्डं जुगाराचे व्यवहार नाकारतात. खोलीच्या खात्यातून फिरवलं म्हणजे व्यवहाराचं स्वरूप बदलत नाही. जायच्या आधी सीएकडे अर्धा तास बस. तिथे प्राप्तिकराचंही विचार: जुगारातल्या जिंकलेल्या रकमेवर सरळ ३० टक्के कर, वर ४ टक्के उपकर, त्यातून विमानाचं तिकीट किंवा दुसऱ्या रात्रीचा तोटा वजा होत नाही. परत येताना नोटा ५,००० डॉलरहून जास्त असतील तर कस्टमला चलनाचं घोषणापत्र द्यावं लागतं.

मित्रांपैकी कोणी म्हणेल, एवढा त्रास कशाला, गोव्याला जाऊ. तिथे २२ सप्टेंबर २०२५ पासून कॅसिनोवर जीएसटी ४० टक्के आहे, आणि तो चिप्स घेताना भरलेल्या रकमेवर लागतो. किंमत करासकट धरली तर १० हजारांत जेमतेम ७,१४३ रुपयांच्या चिप्स, आणि न खेळलेल्या चिप्स परत केल्या तरी त्यावरचा कर माघारी येत नाही.

एक घरगुती गोष्ट. जहाजावरच्या ड्युटी-फ्री दुकानातली बाटली गुजरातेत परवान्याशिवाय आणता येत नाही, हे मित्रांच्या फर्माइशी घेण्याआधी त्यांना सांग. आणि कॅसिनोत वरच्या पायरीच्या खेळाडूंना पेयं फुकट देतात, ती टेबलावर घेऊ नकोस. आईबरोबर जेवताना घ्यायचं ते घे, पैसे देऊन.

माझं मत विचारशील तर: आईसाठी जायचं असेल तर सवलत बाजूला ठेवून बाल्कनीच्या केबिनचं भाडं बघ, परवडत असेल तर तीच घे. सवलतीवरच जायचं ठरवलंस तर खेळाचे पैसे घरूनच चार पाकिटांत घालून ने, एका रात्रीला एक, आणि पाकीट संपलं की खोलीत. खोलीचं कार्ड खाचेत घालूच नकोस. पुढचा मेल आला नाही तर चालेल. खोलीच्या खात्यावर कॅसिनोत रोख काढायची सोय पहिल्याच दिवशी पाहुण्यांच्या काउंटरवर जाऊन बंद करून घेता येते का ते विचार. आणि गेल्या काही महिन्यांत रात्री झोप न येता फोनवर असले खेळ चालू असतील, तर आधी १४४१६ या टेली-मानस क्रमांकावर फोन कर. सरकारी सेवा आहे, फुकट आहे, आणि मला सांगितलंस तरी मी कोणाला सांगणार नाही.

बुकिंगच्या अखेरच्या भरण्याची तारीख मेलमध्ये दिलीय, त्याआधीच्या रविवारी सकाळी ये. येताना शेवटच्या पानाची प्रिंट, लॉगिनशिवायचं भाडं आणि दोघांचे पासपोर्ट आण. जहाज मलेशिया किंवा थायलंडला जाऊन सिंगापूरला परतणार, तेव्हा सिंगापूरच्या व्हिसावर 'मल्टिपल' असं लिहिलेलं हवं, आणि आईच्या पासपोर्टची मुदत सफर संपल्यानंतर सहा महिने उरते का तेही बघायचंय. सिंगापूरचं अरायव्हल कार्ड पोहोचण्याआधीच्या तीन दिवसांत सरकारी साइटवरच भरायचं असतं, त्याला पैसे लागत नाहीत. जी साइट पैसे मागेल ती बंद कर.

आईला नमस्कार सांग.

तुझा,
काका