फ्रिजमधली बाटली

तुमचं पत्र दोन पानांचं आहे. लेकीचे बारावी सायन्सचे ८६ टक्के त्यात एका ओळीत उरकलेत आणि तिने फ्रिजमध्ये ठेवलेल्या पाण्याच्या बाटलीवर मात्र पाऊण पान गेलंय. वाडीतल्या विहिरीचं पिवळट, वास मारणारं पाणी, बाटलीवर चिकटपट्टी, चिकटपट्टीवर तारीख. ती म्हणते, लॉ करणार, पर्यावरणाचं. तुम्ही म्हणता बी.फार्म. कर, आणि वकिलीच करायची तर कंपनीच्या बाजूने कर. शेवटी लिहिलंय, 'आमचं घर एमआयडीसीवर चालतं. तुम्हीच तिला चार समजुतीच्या गोष्टी सांगा.'

तिला नंतर. आधी तुम्हाला सांगते.

'वकील झाली तर खाईल काय' ही तुमची काळजी मला पत्रात फारशी दिसली नाही. ती बाटली फेकायला तुम्ही तीनदा उठलात, असं तुम्हीच लिहिलंय. वीस वर्षं केमिकल प्लांटवर शिफ्ट करणाऱ्या माणसाला कोणतं पाणी कुठे जातं याचा अंदाज असतोच. उद्या जेवताना पोरगी तेच विचारेल, याची तुम्हाला धास्ती वाटते. चुकत असेन तर माफ करा. धास्ती खोटी आहे असं मी म्हणत नाही. नोकरी जाऊ शकते, गावात तोंडं फिरतात. पण ती तुमची आहे. लेकीच्या प्रवेश अर्जावर ती उतरवू नका.

आता तुमचा गैरसमज. पर्यावरणाची वकिली म्हणजे मोर्चे, घोषणा आणि जनहित याचिका, असं तुम्ही धरून चाललात. मध्य प्रदेशातल्या रतलामचं उदाहरण घ्या. उघडी गटारं आणि दुर्गंधीने कावलेले रहिवासी तिथल्या मॅजिस्ट्रेटकडे गेले, ते तेव्हाच्या फौजदारी प्रक्रिया संहितेतलं सार्वजनिक उपद्रवाचं कलम १३३ घेऊन. नगरपालिका म्हणाली, पैसे नाहीत. १९८०मध्ये सर्वोच्च न्यायालयात न्या. कृष्ण अय्यर यांनी ती सबब ऐकून घेतली नाही. एवढा मोठा निकाल, पण सुरुवात गटाराच्या तक्रारीपासून. रोजचं काम याहूनही रुक्ष असतं. लेकीलाही ऐकवा, तिच्या बाटलीवर कुणावर खटला उभा राहत नाही. १९७४च्या जल प्रदूषण कायद्याचं कलम २१ सांगतं की नमुना प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या अधिकाऱ्याने घ्यायचा, कंपनीच्या माणसाला तिथल्या तिथे नोटीस द्यायची, त्याच्यासमोर नमुन्याचे दोन भाग करायचे, सील करायचे, दोघांच्या सह्या घ्यायच्या. यातली एक पायरी चुकली की बचावाच्या वकिलाचं काम सोपं होतं. नमुन्यात सीओडी, म्हणजे पाण्यातल्या घाणीचं एक रासायनिक माप, लिटरला २५० मिलिग्रॅमच्या आत आहे की बाहेर, यावर पुढचं सगळं अडतं. इथे आवाज चढवून काही होत नाही, रिपोर्ट वाचता यावा लागतो.

म्हणून माझा सल्ला तुम्हा दोघांनाही आवडणार नाही. तिने आत्ता लॉला जाऊ नये. रसायनशास्त्र किंवा मायक्रोबायोलॉजीत बी.एस्सी. करावी, मग तीन वर्षांचं एलएल.बी. पर्यावरणाचे दावे चालतात त्या राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणात न्यायाधीशांबरोबर तज्ज्ञ सदस्यही बसतात, पुण्यात त्याचं खंडपीठ आहे. सीओडी म्हणजे काय हे तिथे दुसऱ्याला विचारावं लागणारा वकील अर्धा तिथेच हरतो. सीईटी, क्लॅट, पाच वर्षांचा कोर्स, ही माहिती कुठेही मिळेल. पैशाचं खरं सांगायचं तर कोर्टात पहिली चार-पाच वर्षं ज्युनिअरच्या हातात येतं ते पेट्रोललाही पुरत नाही. आणि 'कंपनीची बाजू' म्हणता तीही याच कायद्याची आहे. कारखाना चालवायची संमतीपत्रं, मंडळाच्या नोटिशा, हे बघणारी माणसं कंपन्यांना लागतातच, पगारही बरा असतो. तिथे जायचं की समोर उभं राहायचं, हे तिला पंचविशीत ठरवू द्या. आज तुम्ही ठरवू नका.

तोवर एक काम तिला करू द्या. मंडळाच्या कार्यालयात लेखी तक्रार, नमुना घेण्याची मागणी, आणि शिक्का मारलेली पोच. नावाची भीती वाटत असेल तर वाडीतल्या दहाजणांच्या सह्यांनी द्या. दोन महिने उत्तर आलं नाही तर माहितीचा अधिकार आहे. फायलीमागे धावायचा कंटाळा आला तर हा व्यवसाय तिचा नाही, तेही कळेल.

बाटली फ्रिजमधून काढायला माझी हरकत नाही, दुधाशेजारी ती नकोच. पण चिकटपट्टीवरची तारीख आधी वहीत उतरवा. न्यायाधिकरणात दाद मागायला तक्रारीचं कारण पहिल्यांदा घडल्यापासून सहा महिने मिळतात, पटण्यासारखं कारण दाखवलं तर वर साठ दिवस. भरपाईसाठी पाच वर्षं. तुमच्या लेकीने तारीख घालून ठेवली आहे. बहुतेक जण इथेच चुकतात.