हिवाळ्यात पहाटे धूर गावावरच का लटकतो, उन्हाळ्यात का नाही?

भाऊ, धूर दोन्ही ऋतूत निघतोच, फरक हवेच्या थरांचा आहे. थंडीत रात्री जमीन पटकन गार होते, तिला चिकटलेली हवा पण गार आणि जड होते, वर मात्र त्यापेक्षा गरम हवा, म्हणजे पातेल्यावर झाकण ठेवल्यासारखंच. याला तापमानाचं व्युत्क्रमण म्हणतात (शाळेत पाठ केलं होतं, कळलं नव्हतं).

कधी शेतात भरीत पार्टीला गेलात तर बघा, कपाशीच्या काड्या पेटवून वांगी भाजायला टाकली की धूर थोडा सरळ वर जातो आणि मग एकदम आडवा पसरतो, चादर अंथरल्यासारखा, तिथंच ते झाकण. मे महिन्यात आपल्या जळगाव-भुसावळकडे जमीन इतकी तापते की हवा उसळत वर जाते अन धूर पांगतो.

आता त्यात काय असतं? हवेत 78 टक्के नायट्रोजन, 21 टक्के ऑक्सिजन, ते काही त्रास देत नाहीत. त्रास देतो तो काड्या-कचरा जाळल्याचा बारीक कण, 2.5 मायक्रॉनपेक्षा लहान (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग), नाकातल्या केसांना न जुमानता थेट फुफ्फुसात. कोळसा जाळला की सल्फर डायऑक्साइड, भुसावळजवळच्या दीपनगरला कोळशावरच वीज बनते. ट्रक-ट्रॅक्टरच्या डिझेलमधून नायट्रोजनचे ऑक्साइड. आणि एक गोष्ट कोणी बोलत नाही, शेतात फेकलेल्या युरियातून अमोनिया उडतो, तो या वायूंपासून बनलेल्या आम्लांशी मिळून हवेतच नवे कण तयार करतो, म्हणजे धूर न दिसताही धूळ तयार!

पहाटे फिरायला जात असाल तर ऊन चांगलं तापल्यावर जा, तोवर झाकण उघडलेलं असतं.