वाचकांचे प्रश्न : उद्यानातल्या डॉगवूडची निगा

प्रश्न : न्यू जर्सीतल्या आमच्या गावच्या सार्वजनिक उद्यानात डॉगवूड या वसंतात फुलणाऱ्या झाडांची छोटी राई आहे. आम्ही काही स्वयंसेवक तिची निगा राखतो. दोन झाडांचे शेंडे सुकताहेत, बुंध्याची साल सुटतेय. पाणी तर भरपूर घालतो. काय चुकतं आहे?

उत्तर : आधी बुंध्याभोवतीचं आच्छादन हाताने बाजूला करा. जमिनीलगत सालीला आडवे चरे दिसले, तर ते बहुधा गवत कापणाऱ्या ट्रिमरच्या दोरीचे. डॉगवूडची साल पातळ असते. अशा जखमेपाशी डॉगवूड बोरर या पतंगाची (खोडकिड्याची) मादी अंडी घालते आणि अळी सालीखालचा जिवंत थर खात जाते. वरचा शेंडा सुकतो तो त्यामुळे. सालीच्या कडेला तपकिरी भुसा दिसला की समजावं, खोडकिडाच आहे. अळी आत शिरल्यावर वरून फवारून फायदा नाही. सुटलेली साल धारदार चाकूने निरोगी कडेपर्यंत साफ करा. जखमेला रंग किंवा डांबर अजिबात लावू नका. निम्म्याहून अधिक घेर मेला असेल, तर झाड सावरण्याची आशा फार धरू नये.

उरलेल्या झाडांसाठी बुंध्यापासून निदान एक मीटरपर्यंत गवतच ठेवू नका, म्हणजे यंत्र जवळ येणार नाही. तिथे लाकडाचा चुरा 5 ते 8 सेंटिमीटर जाड पसरा, पण खोडापासून वीतभर लांब. खोडाला टेकवून ढीग घातला की साल कुजते. पाण्याचंही तेच. मुळं उथळ असतात, चिकण मातीत पाणी साचलं की ती गुदमरतात. 10 सेंटिमीटर खोल माती ओलसर लागली, तर त्या दिवशी पाणी नको.

प्रश्न : पानांवर डाग आहेत. करपा की भुरी?

उत्तर : जुलैत पानांवर पांढरी पूड आणि कडा वळलेल्या, तर भुरी, मोठं झाड त्याने सहसा मरत नाही. जांभळ्या कडेचे तपकिरी डाग, खालच्या फांद्या आधी वाळणं, खोडावर फुटवे आणि मेलेली पानं हिवाळाभर फांदीलाच लटकलेली, ही करप्याची लक्षणं. गार, ओल्या वसंतात आणि दाट सावलीत तो फोफावतो. कोरड्या दिवशी वाळलेल्या फांद्या आणि फुटवे कापा, प्रत्येक कापानंतर कात्री 70 टक्के अल्कोहोलने पुसा, कचरा राईबाहेर न्या. पाणी मुळाशी घाला, पानांवर नको.

प्रश्न : मेलेल्या झाडांच्या जागी काय लावावं?

उत्तर : करप्याला टिकणारी 'अ‍ॅपलेशियन स्प्रिंग' ही मूळ अमेरिकी डॉगवूडचीच जात. मेरीलंडच्या कॅटॉक्टिन डोंगरातली बहुतेक डॉगवूड करप्याने गेली, त्यात तगलेल्या झाडापासून ती आली. रटगर्स विद्यापीठाने कौसा या आशियाई डॉगवूडशी केलेले संकरही टणक आहेत, पण त्यांना फळं जवळपास धरत नाहीत. मूळ अमेरिकी डॉगवूडच्या लाल फळांवर शरदात रॉबिनसारखे पक्षी येतात, म्हणून निम्मी तरी तीच झाडं ठेवावीत, असं आम्हाला मनापासून वाटतं. खड्डा मुळांच्या गोळ्याच्या दुप्पट रुंद घ्या, पण खोल गोळ्याइतकाच. गोळ्याचा माथा जमिनीच्या किंचित वर राहू दे.

प्रश्न : छाटणी कधी?

उत्तर : बहर संपताच. पुढच्या वर्षीच्या कळ्या उन्हाळ्यातच धरतात. शरदात टोकांवर बटणासारख्या फुगलेल्या दिसतात, त्या कापल्यात तर एप्रिलमध्ये फुलं कुठून येणार?