अक्षत वीट आणि क्षती

डिचोलीचे एक अभियंते धातू वितळवणाऱ्या भट्टीच्या अस्तराचं गणिती प्रारूप मराठीत मांडताहेत. उष्णतेने आणि यांत्रिक भाराने अस्तराला होणाऱ्या ‘डॅमेज’ला ‘झीज’ म्हणावं की ‘नुकसान’, असं त्यांनी विचारलंय.

‘अस्तर’ छानच आहे. कोटाच्या आतलं कापड ते भट्टीच्या आतल्या विटा, हा फारसी शब्द दोन्हीकडे चालतो. डॅमेजला मात्र मी ‘क्षती’ म्हणेन.

उंबरा झिजतो, सहाण झिजते; वस्तू थोडी थोडी कमी होते. वितळलेल्या धातूवरची मळी वीट खाते, ती खरी झीज. प्रारूपातली गोष्ट वेगळी आहे. भट्टी पेटली की विटेची तापलेली बाजू फुगू पाहते, शेजारच्या विटा तिला फुगू देत नाहीत, म्हणून ती दाबली जाते. भट्टी थंड होताना तीच बाजू आधी आक्रसते आणि ताणली जाते. वीट दाब सोसते, ताण सोसत नाही. आत बारीक चिरा पडतात, पण वीट दिसायला तेवढीच, वजनालाही तेवढीच. (आमच्या गोव्यात भट्टी म्हटलं की आधी काजूची आठवते. भाणाच्या, म्हणजे काजूचा रस उकळतात त्या भांड्याच्या, तोंडाला लिंपलेली माती वाळली की केसाएवढ्या चिरा दिसतात. माती कुठे गेलेली नसते.) टवका उडाला, की मग झीज म्हणा.

‘नुकसान’ म्हटलं की मागोमाग ‘भरपाई’ येते. तो विम्याच्या अर्जातला शब्द.

‘क्षत’ म्हणजे जखमी, मोडलेलं. लग्नात आपण टाकतो त्या अक्षता म्हणजे न मोडलेले तांदूळ. काचानोव्ह या रशियन संशोधकाने 1958 मध्ये मांडलेल्या कल्पनेतून आलेलं क्षतीचं मापही असंच आहे: 0 म्हणजे अक्षत वीट, 1 म्हणजे पार फुटलेली. क्षती 0.3 झाली, तर विटेचा ताठपणा मूळच्या 70 टक्के धरतात.

लिहिताना ‘क्षती’ दीर्घ, पण समासात ‘क्षतिमापन’ ऱ्हस्व.

आणखी एक, न विचारलेलं. उष्णतेची क्षती 0.3 आणि भाराची 0.2 असेल, तर नेहमीच्या रीतीने दोन्ही मिळून 0.5 होत नाही. उरलेला ताठपणा 0.7 गुणिले 0.8, म्हणजे 0.56, क्षती 0.44. तेव्हा तिथे ‘एकूण क्षती’ लिहू नका, वाचणारा बेरीज करून मोकळा होईल. ‘एकत्रित क्षती’ लिहा.