भट्टी तुमची, घाईही तुमची

प्रश्न (मोठ्या पत्राचा सारांश) : नाशिकला आमचं तांब्या-पितळेच्या भांड्यांचं दुकान आहे, माझी तिसरी पिढी. मुलगी एस. वाय. बी.कॉम.ला आहे. बारावीला 78 टक्के होते, पहिल्या वर्षी 61 वर आली. मे महिन्यात पाच दिवसांच्या कार्यशाळेत ती तांब्यावरचं इनॅमलिंग शिकली. तिने केलेली पेंडंट्स सोसायटीच्या दिवाळी प्रदर्शनात सगळी खपली. मी लगेच साठ हजारांची इलेक्ट्रिक भट्टी घेतली, ती स्वयंपाकघरालगतच्या बाल्कनीत बसवली, मुलीच्या नावाने कार्डं छापली, इन्स्टाग्रामवर पान उघडलं. एका मुंजीसाठी दुकानातल्याच कुंकवाच्या 150 डब्या रंगवून द्यायची ऑर्डर धरली, निम्मे पैसे आगाऊ घेतले. चाळीसेक झाकणांचे टवके उडाले. आता दोन महिने झाले, मुलगी भट्टीकडे फिरकत नाही. विषय काढला की उठून खोलीत जाते. तिला बी.कॉम. सोडायला लावून या विषयाची डिग्री द्यावी का? की एखादा शॉर्ट कोर्स पुरेल, म्हणजे उत्पादन लवकर सुरू होईल? मुलांना आवडीचं करू द्या, असं तुम्हीच लिहिता. मी तेच केलं. तिला जरा समजवा.
– एक वडील, नाशिक

उत्तर : तिला मी काहीही समजावणार नाही. तिचं वागणं मला अगदी समजण्यासारखं वाटतं.

मला येणारी बहुतेक पत्रं मुलांना कलेच्या नादातून सोडवा म्हणणारी असतात. तुमचं पत्र उलट दिशेने सुरू झालं, म्हणून पहिल्या चार ओळी मी खुशीत वाचल्या. मग भट्टी आली. त्यामागून कार्डं, पान, ऑर्डर, आगाऊ रक्कम. यातलं तिने काय मागितलं होतं? तुमच्या एवढ्या मोठ्या पत्रात ते कुठेच नाही. एका एकोणीस-वीस वर्षांच्या मुलीला एक गोष्ट आवडली, एवढंच घडलं होतं. ती आवड पुरती तिच्या अंगवळणी पडायच्या आत तुम्ही तिचा धंदा करून टाकलात.

पोरीने डॉक्टर व्हावं म्हणून बाप हट्ट धरून बसला, तर पोरगी निदान भांडू शकते. आई, आत्या, मैत्रिणी, कुणीतरी तिची बाजू घेतं. पण आपल्याच आवडीसाठी साठ हजार घालणाऱ्या बापाशी ती कशी भांडणार? नाही म्हटलं तर कृतघ्न, हो म्हटलं तर 150 डब्या. म्हणून ती खोलीत जाते. पत्रात तुम्ही त्याला ‘आळस’ म्हटलंय आणि पुढे लिहिलंय, ‘एवढी गुंतवणूक केल्यावर माघार कशी घेऊ देऊ?’ गुंतवणूक तुमची आहे, तेव्हा माघारही तुम्हालाच घ्यावी लागेल. 78 वरून 61 वर आली म्हणून तुम्ही हळहळताय, त्याची मला अजिबात काळजी नाही. कॉलेजच्या पहिल्या वर्षी निम्म्या वर्गाचं असंच होतं.

आता डब्यांचं. तुमच्या पत्रातला सगळ्यात मोठा गैरसमज इथे आहे आणि तो तुमच्यासारख्या भांडी जाणणाऱ्या माणसाचा व्हावा याचं मला नवल वाटलं. ‘तांब्याचं दुकान घरचंच आहे, म्हणजे अर्धं काम झालेलं,’ असं तुम्ही लिहिता. तसं नाही. इनॅमल म्हणजे डब्यातला तेलरंग नव्हे. ती काचेची भुकटी असते. ती तांब्यावर पसरून साधारण 750 ते 850 अंश सेल्सिअसला दोन-चार मिनिटं भाजतात, तेव्हा ती वितळून धातूला धरते. एवढ्या आचेला दुकानातल्या मालाचं काय होईल याचा विचार करा. डब्यांची चकाकी टिकावी म्हणून मारलेलं लॅकर जळून जातं, आणि ते आधी पुरतं काढलेलं नसेल तर वर रंग धरत नाही. बिजागरीचा साधा सोल्डर तर त्याच्या कितीतरी आधीच पाणी होतो. कल्हईचं कथील 232 अंशांनाच वितळतं, म्हणजे कल्हई केलेलं भांडं बाद. नेहमीच्या पितळेवर त्यातल्या जस्तामुळे काच नीट बसत नाही, म्हणजे तुमचा अर्धा माल तिथेच बाद. राहिली साच्यात दाबून काढलेली पातळ झाकणं. तांबं आणि काच दोन्ही तापली की पसरतात आणि गार होताना आकसतात, पण सारखी नाही. तांबं जास्त आकसतं. एकाच बाजूला काच असली की पातळ पत्रा वाकतो आणि काच तडकते. कधी भट्टीतून काढल्या काढल्या, तर कधी दुसऱ्या दिवशी सकाळी, कुणी हातसुद्धा लावलेला नसताना. म्हणूनच जाणकार साधारण मिलिमीटरभर जाडीचा स्वच्छ पत्रा घेतात आणि मागच्या बाजूलाही इनॅमलचा थर देतात. त्याला काउंटर इनॅमल म्हणतात. तुमच्या चाळीस झाकणांना पाठीमागून थर होता का? पत्रावरून तरी वाटत नाही. टवके उडाले ते तुमच्या पत्र्यामुळे, तुमच्या घाईमुळे. मुलीच्या हाताला त्याचा दोष देऊ नका, आणि हे तिला स्पष्ट शब्दांत सांगा. गेले दोन महिने ती तो दोष एकटीच्या डोक्यावर घेऊन बसली असणार.

टिकलेल्या झाकणांचा हिशोबही सांगते, तुम्ही व्यापारी आहात म्हणून. बाजारात ‘मीना’, म्हणजे इनॅमल, म्हणून खपणारा बराचसा रंग काच नसतोच. तो इपॉक्सी रेझिनचा असतो, त्याला ना 800 अंश लागतात, ना मागचा थर. रिटर्न गिफ्टचा भाव त्या रंगावर ठरतो. खऱ्या इनॅमलला पत्रा कापणं, आम्लात टाकणं, घासणं, भुकटी धुणं, चाळणं, भाजणं, वर आलेली काळी पापडी काढणं आणि पुन्हा भाजणं एवढं सगळं लागतं, तेही प्रत्येक नगाला. रेझिनच्या भावात काचेचं काम विकायला निघालात. यात मुलगी थकली नसती तरच नवल.

डिग्रीबद्दल एक-दोन ओळी पुरेत. मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये धातुकामाचा वेगळा विभाग आहे. जयपूरला इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ क्राफ्ट्स अँड डिझाइन आहे. एनआयडी आणि निफ्ट या डिझाइन-फॅशनच्या संस्थांच्या परीक्षा सगळ्यांना माहीत आहेत. तिला स्वतःला हवं असेल तर बी.कॉम. पूर्ण करून यातलं काहीही शोधता येईल. आत्ता बी.कॉम. सोडायला लावू नका. उत्पादन लवकर सुरू व्हावं म्हणून डिग्री घ्यायची, हा विचारच मला पटत नाही. आणि ‘शॉर्ट कोर्स’ तर तिचा झालाय. पाच दिवसांत जे मिळायचं ते तिला मिळालं. पुढचं कोर्सने येत नाही, बिघडलेल्या तुकड्यांच्या ढिगाने येतं. उघड्या तांब्यावर पारदर्शक लाल टाकला की तो विटकरी, मळका दिसतो; आधी पारदर्शक फ्लक्सचा, म्हणजे बिनरंगी इनॅमलचा, थर द्यावा लागतो. हे पुस्तकात असतं, पण आपला एक चांगला तुकडा तसा वाया गेल्याशिवाय ध्यानात राहत नाही. शिकणाऱ्याला काही वर्षं असे तुकडे वाया घालवायला मिळाले पाहिजेत, आणि त्यांच्यावर कुणाची आगाऊ रक्कम नसली पाहिजे.

जयपूरचं उदाहरण पत्रात तुम्हीच दिलंय, ‘तिकडे घराघरात मीनाकाम चालतं’ म्हणून. चालतं, पण कसं? आमेरच्या राजा मानसिंगाने सोळाव्या शतकात लाहोरहून मीनाकार आणवले असं सांगतात. तेव्हापासून ते काम घराण्यांत मुरत आलंय. आणि तिथेही एक माणूस सगळं करत नाही. नक्षी काढणारा चितेरा वेगळा, धातू कोरणारा वेगळा, रंग भरून भाजणारा मीनाकार वेगळा, खडे बसवणारा जडिया वेगळा. मीनाकाराचं एकट्याचं कामही सरळ नाही. जो रंग जास्त आच सोसतो तो आधी भाजायचा, नाजूक रंग मागून. तिथला तो प्रसिद्ध लाल अगदी शेवटी. क्रम चुकला की आधीची मेहनत जळते. अशा घराण्यातल्या सरदार कुदरतसिंग यांना 1988 साली पद्मश्री मिळाली, ती आयुष्यभराच्या कामानंतर. तुम्ही मात्र चितेरा, मीनाकार, पॅकिंगवाला, इन्स्टाग्रामवाला आणि वर बी.कॉम.ची विद्यार्थिनी, अशा सगळ्या जागांवर एकाच मुलीची नेमणूक करून मोकळे झालात.

आता मला सगळ्यात आवडलेल्या वाक्याकडे येते. तुम्ही लिहिता, ‘तुकडा बाहेर काढला तेव्हा लालबुंद होता, मग काळा पडला, वाटलं गेला, आणि मग बघता बघता काठाकडून निळा उमटत आला, मी दुकान उघडायचं विसरलो.’ अख्ख्या पत्रात जिवंत वाक्य हे एकच आहे, आणि ते तुमचं आहे. त्यात मुलगी कुठेही नाही. पुढे दीड पान तुम्ही कोणता निळा किती वेळात येतो यावरच लिहिलंय. अहो, या कामाचं वेड कुणाला लागलंय ते अगदी उघड आहे.

मग तुम्हीच शिका ना! मी थट्टा करत नाही. वय सत्तेचाळीस आहे, पत्रा हाताने ओळखता, तांबट कारागिरांना नावाने ओळखता. ठोकलेल्या तांब्याला पुन्हा मऊ कसं करतात ते तुम्ही लहानपणापासून बघितलंय. कार्यशाळेला जाणाऱ्या शहरी मुलांना हे शिकायलाच दोन वर्षं लागतात. जपानमध्ये ओवारी प्रांतात काजी त्सुनेकिची नावाचा गरिबीतला सामुराई होता. 1833 च्या सुमारास त्याच्या हाती परदेशी इनॅमलचं एक पात्र आलं. शिकवायला कुणी नव्हतं. त्याने ते फोडून बघितलं, रंगांमधल्या धातूच्या तारा कशा बसवल्यात, थर किती आहेत ते पाहिलं आणि खटपट करून स्वतःचं काम उभं केलं, असं सांगतात. पुढे तो प्रांतच या कामासाठी ओळखला गेला. तेव्हा तो तिशीचा होता आणि आपल्या मुलीला त्याने कामाला जुंपलं होतं असं कुठे वाचण्यात नाही.

शिकायचंच असेल तर आधी भट्टी हलवा. स्वयंपाकघराजवळ ती एक दिवसही नको. ही काचेची बारीक भुकटी फुप्फुसात जाता कामा नये. चाळताना चांगला मास्क हवा आणि तिथे खाणंपिणं बंद. जुन्या पद्धतीच्या बऱ्याच रंगांत शिसं असतं. बिनशिशाचे रंगही मिळतात, तेच मागवा; पुरवठादार स्पष्ट सांगत नसेल तर घेऊ नका. पेल्याच्या किंवा डबीच्या आतल्या बाजूला इनॅमल लावायची हौस तूर्त करू नका. दुकानामागे हवेशीर खोली असेल तर ती उत्तम. सुरुवातीला दोन इंचांचे चौकोनी तुकडे घ्या, दोन्ही बाजूंनी थर द्या आणि प्रत्येकामागे रंग, तापमान, वेळ लिहून ठेवा. वर्षभर काही विकू नका. व्यापाऱ्याला हे सगळ्यात जड जाईल, म्हणून मुद्दाम सांगते.

पोट भरण्याचं विचाराल तर माझं मत असं : आपल्याकडे तांब्यावरच्या इनॅमलवर एकट्याने घर चालवणं अवघड आहे. जे चालवतात त्यांच्या उत्पन्नात शिकवणीचा आणि ठरवून मागवलेल्या मोठ्या कामांचा भाग असतो. तुमच्यामागे चालतं दुकान आहे, ही चैन तुम्हाला परवडेल. मुलीला ती अजून परवडत नाही, तिला आधी स्वतःच्या पायावर उभं राहायचंय.

तिच्याशी काय बोलायचं? फार काही नाही. भट्टीचे पैसे माझे होते आणि ती मी माझ्यासाठी घेतली, एवढं एकदा सांगा आणि विषय बंद करा. तिच्या नावाची कार्डं कपाटात ठेवू नका, ती सापडत राहतात, रद्दीत द्या. इन्स्टाग्रामचं पान तिला विचारून बंद करा. कधी ती आपणहून येऊन ‘बाबा, हा निळा असा का आला?’ म्हणाली तर उत्तर द्या, आणि त्याच दमात प्रदर्शनाची तारीख सांगू नका. ती कधीच आली नाही आणि उद्या सी.ए. किंवा बँकेची तयारी करते म्हणाली, तर तेही तुम्हाला पेंडंट्सइतक्याच आनंदाने ऐकावं लागेल.

राहिली मुंज. ती कधी आहे हे तुम्ही लिहिलेलं नाही. आजच यजमानांना फोन करा, ऑर्डर होणार नाही म्हणून स्पष्ट सांगा आणि आगाऊ रक्कम परत करा. ते म्हणाले तर दुकानातल्या साध्या डब्या, चांगल्या पॉलिश करून, घेतल्या भावात द्या. आणि हा फोन तुम्ही करायचा. मुलीच्या हातात फोन देऊ नका.